मिल-टर्न घेताय? कॅटलॉग नंतर, ड्रॉइंग आधी

टर्निंगची दोन-तीन मशिनं, कोपऱ्यात एक व्हीएमसी (मिलिंगचं उभं मशिन) आणि मधल्या टेबलावर कानस घेऊन जॉबच्या कडांची बर काढत बसलेली दोन मुलं. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठेही जा, प्रिसिजन कामाचं लहान शॉप साधारण असंच दिसतं. मग कुणीतरी प्रदर्शनात जाऊन येतो. तिथे काचेआड एका बाजूनं बार आत जातो, दुसऱ्या बाजूनं तयार जॉब खाली पडतो. परतीच्या गाडीतच मनात मशिन बुक झालेलं असतं.

मीही असंच मिल-टर्न, म्हणजे टर्निंग आणि मिलिंग दोन्ही करणारं मशिन, बुक केलं होतं. त्यात वाय-अक्ष नव्हता. पाच-सहा लाख वाचले म्हणून खूश होतो, आणि आठव्या महिन्यात सेंटरपासून ३ मिमी बाजूला होल असलेला जॉब आला. पुढची दोन वर्षं तो जॉब मिल-टर्नवरून उतरून व्हीएमसीवर जात होता. म्हणून पहिल्यांदाच असं मशिन घेणाऱ्यानं कोणत्या क्रमानं विचार करावा, ते सांगतो.

पायरी १ : जॉब किती वेळा हातात येतो ते मोजा

गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त केलेल्या दहा जॉबची ड्रॉइंग टेबलावर पसरा. प्रत्येकावर पेन्सिलीनं लिहा : किती सेटिंग, किती वेळा चकमधून निघाला, किती वेळा परत धरला.

एक जॉब जवळून बघू. सेन्सरचं हाऊसिंग, एसएस ३१६, बार ३२ मिमी, लांबी ५८. एका बाजूला एम २४ × १.५ चा आटा, आत १४ मिमीचा एच ७ (बारीक टॉलरन्सचा) बोअर. मध्ये २७ चा हेक्स. दुसऱ्या बाजूला १८ मिमीचा व्यास, त्यावर ४ मिमीचं आडवं होल, तेही सेंटरपासून ३ मिमी सरकलेलं. आणि १४ चा बोअर व १८ ची ओडी (बाहेरचा व्यास) यांची कॉन्सेंट्रिसिटी, म्हणजे दोन्ही एकाच सेंटरवर असणं, ०.०२ मिमीच्या आत (२० मायक्रॉन).

जुन्या पद्धतीत पहिलं सेटिंग टर्निंगवर, दुसरं सॉफ्ट जॉमध्ये (जॉबच्या मापाला कापून घेतलेल्या चकच्या जबड्यांत) उलटं धरून, तिसरं व्हीएमसीवर हेक्ससाठी, चौथं होलसाठी. सॉफ्ट जॉ ताजे बोअर केले असले तरी १०-१५ मायक्रॉन रनआउट (फिरताना सेंटरवरून हलणं) येतोच. म्हणजे तुमच्या २० मायक्रॉनपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त नुसता जॉब उलटा धरण्यातच गेले. उरलेल्यात इन्सर्टची (हत्याराच्या बदलत्या टोकाची) झीज, मशिनचं तापणं आणि संध्याकाळी घाईत असलेला ऑपरेटर.

मिल-टर्नमध्ये पैसे द्यायचे ते हे धरणं-सोडणं कमी होण्यासाठी. जो अक्ष किंवा जो पर्याय तुमच्या दहा ड्रॉइंगपैकी एकाचंही सेटिंग कमी करत नाही, तो कितीही आकर्षक असला तरी तुमच्यासाठी नाही. आणि दहापैकी आठ जॉब नुसतेच गोल असतील, मिलिंग म्हणजे एखादा फ्लॅट, तर सरळ अजून एक चांगलं दोन-अक्षी टर्निंग सेंटर घ्या.

पायरी २ : अक्ष ओळखा

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

साध्या लेथला एक्स (हत्यार सेंटरकडे आत-बाहेर) आणि झेड (जॉबच्या लांबीत). त्यात फिरणारी हत्यारं, म्हणजे लाइव्ह टूल, आली की स्पिंडलला सी-अक्ष लागतो. जॉब हव्या त्या अंशावर थांबवायचा किंवा हळूहळू फिरवायचा. सी आला की फेसवर पीसीडीची (एका वर्तुळावरची) होलं, सेंटरमधून जाणारी आडवी होलं, हेक्स, गोलावरचे खाचे एवढं होतं. फानुक कंट्रोलवर जी १२.१ नं एक्स आणि सी मिळून फेसवर सरळ रेषाही काढता येते. त्यामुळे विक्रेता म्हणतो, ‘वाय कशाला पाहिजे?’

वाय म्हणजे हत्याराला सेंटरच्या बाजूला सरकवणारा अक्ष, आणि तो दोन ठिकाणी पाहिजेच. एक, होल सेंटरपासून सरकलेलं असेल तेव्हा. दुसरं, ओडीवर कीवे (की बसायची खाच) असेल आणि त्याच्या रुंदीला टॉलरन्स असेल तेव्हा. वाय नसला तर कीवेची रुंदी म्हणजे कटरची रुंदी. कटर घासला की कीवे बारीक. वाय असला की लहान कटरनं दोन्ही भिंती वेगवेगळ्या फिनिश करता येतात, आणि झीज ऑफसेटमध्ये (कंट्रोलमधल्या मापाच्या दुरुस्तीत) भरता येते. लहान मशिनवर वायची चाल सहसा प्लस-मायनस ३५ ते ५० मिमीच्या आसपास असते. आपल्या हाऊसिंगसाठी ती भरपूर झाली.

पुढचा प्रश्न सब-स्पिंडल, म्हणजे समोरचं दुसरं स्पिंडल. पार्टिंगच्या आधी तो जॉब समोरून पकडतो, दोन्ही स्पिंडल एकाच वेगानं आणि एकाच कोनात फिरतात, जॉब कापला जातो आणि मागची बाजू तिथेच होते. पण हेही एक धरणंच आहे, हे विसरू नका. माणसाऐवजी मशिननं धरलं, दर वेळी सारखं धरलं, इतकाच फरक. कॉलेटचा (जॉब पकडणाऱ्या बाहीचा) ५-१० मायक्रॉन रनआउट तिथेही असतो. म्हणून आमच्या हाऊसिंगमध्ये आम्ही वेगळी वाट धरली. १४ चा बोअर मुख्य स्पिंडलवर करायचा, आणि पार्टिंगच्या आधी, त्याच पकडीत, मागून पोचणाऱ्या हत्यारानं १८ ची ओडीही फिनिश करायची. सब-स्पिंडलला फक्त मागचं फेसिंग आणि चॅम्फर ठेवला. कॉन्सेंट्रिसिटीचा प्रश्न तिथेच मिटला. मशिन घेतल्यावरही ड्रॉइंगमधली कोणती दोन मापं एकमेकांशी बांधलेली आहेत, हे बघून क्रम लावावा लागतो.

आता बी-अक्ष. टरेटच्या (हत्यारं लावलेल्या फिरत्या डोक्याच्या) जागी, किंवा टरेटच्या जोडीला, तिरकं वळणारं मिलिंग स्पिंडल आणि टूल मॅगझिन. ३० अंशातलं होल, दोन्ही बाजूंनी तिरका फेस, वैद्यकीय किंवा विमानाचे भाग यांना त्याला पर्याय नाही. पण टरेट पुढच्या हत्यारावर सेकंदाच्या अंशात येतो, मॅगझिनमधून हत्यार बदलायला काही सेकंद लागतात. वीस हत्यारांचा जॉब आणि महिन्याला पाच हजार नग असतील तर ते सेकंद मोजून बघा. वर्षातून दोनदाच तिरकं होल येत असेल तर ठरावीक कोनाचा लाइव्ह होल्डर मिळतो, तो घ्या आणि मोकळे व्हा. आणि ‘पाच अक्ष’ म्हटलं की एक विचारा : पाचही एकदम चालतात, की बी एका कोनात लॉक होऊन बाकीचे चालतात? बहुतेक शॉपला दुसरा प्रकार पुरतो. पहिल्याला वेगळं कॅम (प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) आणि वेगळा माणूस लागतो.

पायरी ३ : स्विस टाइप की साधं हेड?

ढोबळ नियम : जॉबची लांबी व्यासाच्या तीनपटीहून बरीच जास्त असेल, तर गाइड बुश (बारला आधार देणारी बाही) असलेलं स्विस टाइप. तिथे हत्यार बुशच्या तोंडाशीच कापतं, त्यामुळे बारीक जॉब वाकत नाही. बोन स्क्रू, पिना, लांब शाफ्ट हे त्याचं काम.

त्याचे दोन खर्च कोटेशनमध्ये दिसत नाहीत. बार ग्राइंड केलेला आणि मापात लागतो, नाहीतर बुशमध्ये अडकतो किंवा खेळतो. आणि प्रत्येक बारचं शेवटचं टोक वाया जातं, गाइड बुशवर साधारण दीडशे ते अडीचशे मिमी. तीन मीटरच्या बारमध्ये हे सात-आठ टक्क्यांपर्यंत जातं. माइल्ड स्टीलला चालून जाईल, टायटॅनियमला अंगावर येईल. गाइड बुश काढूनही चालवता येणारी मशिनं मिळतात, मिश्र काम असेल तर ती बघा.

आपलं हाऊसिंग ३२ व्यास, ५८ लांबी. साधं हेड, म्हणजे गाइड बुश नसलेलं, बास. सहा इंची चकच्या वर्गात साधारण ४२ ते ५१ मिमीचा बार जातो. पण नेमका आकडा ड्रॉ ट्यूबचा (स्पिंडलच्या आतल्या, चक ओढणाऱ्या नळीचा) बघा, स्पिंडलच्या बोअरचा नको. बार जातो तो ड्रॉ ट्यूबमधून.

पायरी ४ : लाइव्ह टूलचा वेग

छोटं गणित आहे, कॅल्क्युलेटर काढा. ३ मिमीचा कार्बाइड एंडमिल, कटिंग स्पीड १०० मीटर प्रति मिनिट. आरपीएम म्हणजे १००० गुणिले १००, भागिले ३.१४ गुणिले ३. साधारण १०,६००. लाइव्ह टूल ६,००० चं असेल तर तुम्ही ५६ मीटरवर चाललात. कटर जगेल, पण वेळ जाईल. ॲल्युमिनियममध्ये तर आणखी वाईट. म्हणून तुमचा सगळ्यात लहान कटर आणि सगळ्यात मोठा ड्रिल घेऊन जा. पहिल्यावरून वेग ठरतो, दुसऱ्यावरून टॉर्क.

पॉवर बघताना कोणतं रेटिंग ते विचारा. कॅटलॉगमध्ये अर्ध्या तासाचं किंवा त्याहून कमी वेळाचं किलोवॅट मोठ्या अक्षरात असतं. सतत चालणारं, एस १, खाली बारीक अक्षरात. दोन शिफ्ट चालणाऱ्या माणसाचं मशिन एस १ वर चालतं.

टरेटवर होल्डर बसवायची पद्धत कोणती, व्हीडीआय की बीएमटी? व्हीडीआयचा होल्डर पटकन बदलतो आणि बाजारात जास्त ठिकाणी मिळतो. बीएमटी टरेटच्या तोंडावर चार बोल्टनी बसतो, घट्ट असतो, मिलिंगला चांगला. मिलिंग जास्त असेल तर मी बीएमटी घेतो. मात्र लाइव्ह होल्डर स्वस्त नसतात आणि ते बहुतेकदा मशिनच्या किमतीत धरलेले नसतात. किती मिळणार, कोणते मिळणार, हे लिहून घ्या.

पायरी ५ : ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे किती?

कॅटलॉगमधली जागा ही नुसत्या मशिनची. बाजूला चिपचा, म्हणजे धातूच्या किसाचा, कन्व्हेयर बाहेर येतो. बार फीडर तीन मीटरचा असेल तर तोच चार मीटरच्या आसपास. मागचं दार उघडायला जागा, कूलंटची टाकी ओढून बाहेर काढायला जागा. खडूनं शेडच्या फरशीवर सगळं आखा, दारं उघडलेली धरून. मग सव्वादोन मीटरचं मशिन सात मीटर लांब होतं. जागा नसेल तर स्पिंडलएवढ्याच लांबीचे तुकडे भरणारा छोटा फीडर चालतो, पण मग बार कापून ठेवावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याचं टोक वेगळं वाया.

लहान मशिनचं आणखी एक दुखणं : आत चिपला जागा नसते. ३१६ ची लांब चिप सब-स्पिंडलभोवती गुंडाळली की पुढचा जॉब चिपसकट पकडला जातो. हाय-प्रेशर कूलंटचा पंप, ७० बार दाबाच्या आसपासचा, हा स्टेनलेस करणाऱ्यांनी चैनीत मोजू नये. टाकी लहान असली की कूलंट लवकर तापतं, आणि त्याबरोबर माप सरकतं.

हे तापमानाचं जरा गांभीर्यानं घ्या. पोलाद दर मीटरला दर अंशाला ११.५ मायक्रॉनच्या आसपास वाढतं, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी सातला २५ आणि दुपारी तीनला ४० अंश. १०० मिमीच्या पोलादी लांबीत १५ अंशांना १७ मायक्रॉन झाले. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश, ते आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेच. वातानुकूलित खोली परवडत नसेल तर निदान मशिन पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. शटरसमोरही नको.

वीज आणि हवा : महावितरणचा मंजूर भार आधी तपासा, वाढवायला वेळ लागतो. चांगलं अर्थिंग आणि स्टॅबिलायझर मशिन येण्याआधी तयार हवं. पिंपरी-चिंचवडकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे सगळ्यांना माहीत असतं. नको तेव्हा गेली तर हत्यार जॉबमध्ये असताना अक्ष कसे थांबतात, हे विक्रेत्याला विचारून ठेवा. कॉम्प्रेसरला ड्रायर लावा. पावसाळ्यात हवेतलं पाणी सरळ स्पिंडलच्या एअर सीलपर्यंत पोचतं.

पायरी ६ : तासाचा दर

समजा मशिन ७० लाखांचं. सात वर्षांत फेडायचं धरलं तर वर्षाला १० लाख. व्याज सरासरी साडेतीन लाख धरा. दोन शिफ्ट, ३०० दिवस, म्हणजे ४,८०० तास. त्यातले ७० टक्के खरंच कटिंगचे, ३,३६० तास. नुसत्या भांडवलाचे तासाला साधारण ४०० रुपये. एकच शिफ्ट चालवली तर तेच ८००. वीज, हत्यारं, पगार, देखभाल यानंतर.

दुसऱ्या शिफ्टला सेटर (मशिन लावून देणारा) नसेल तर मिल-टर्नचं गणित कोलमडतं, हे कोणताही विक्रेता सांगत नाही. त्याला दोष नाही, तुमचा सेटर त्यानं पाहिलेला नसतो.

निर्यात करत असाल आणि मशिन परदेशी असेल तर ईपीसीजी (निर्यातीसाठी यंत्रसामग्री आणण्याच्या केंद्राच्या) योजनेत आयात शुल्काशिवाय आणता येतं, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत दाखवावी लागते. जुनं मशिन या योजनेत बसत नाही. सीएला आधी विचारा, मशिन बंदरात आल्यावर नको.

पायरी ७ : ट्रायल

विक्रेत्याच्या डेमोमध्ये ॲल्युमिनियमचं बुद्धिबळाचं प्यादं बनतं. ते बघून टाळ्या वाजवा आणि आपला बार गाडीतून काढा.

आपलंच ड्रॉइंग, आपलंच मटेरियल, जमलं तर आपलीच हत्यारं. मशिन सकाळी थंड असताना सुरू करायला सांगा, वॉर्म-अपनंतर नको. सलग तीस नग काढा, ऑफसेटला कुणीही हात लावायचा नाही. प्रत्येक नगावर मार्करनं क्रमांक टाका, १ ते ३०. मग १८ ची ओडी क्रमानं मोजा आणि वहीत उतरवा. पहिल्या आठ-दहा नगांत माप एका दिशेनं सरकत जाऊन मग थांबलं तर ते मशिन तापल्याचं. शेवटपर्यंत हळूहळू सरकत राहिलं तर इन्सर्टची झीज. वर-खाली उड्या मारत असेल तर मशिनचीच, किंवा पकडीची, गडबड.

टॉलरन्स प्लस-मायनस १० मायक्रॉन असेल आणि कस्टमरला सीपीके (टॉलरन्सच्या मानानं माप किती स्थिर आहे त्याचा आकडा) १.३३ पाहिजे असेल, तर माप अगदी मध्यावर धरूनही सिग्मा (मापांचा विखुरलेपणा) अडीच मायक्रॉनच्या आत हवा. तीस नगांवर एवढं तिथेच काढता येतं.

वायची एक साधी तपासणी आहे, ती आवर्जून करा. सेंटरमधून जाणारं एक आडवं होल करायला सांगा, रीम करा. त्यात घट्ट बसणारी पिन घाला. जॉब सरफेस प्लेटवर व्ही-ब्लॉकमध्ये ठेवा, पिन आडवी, डायलनं समांतर करून घ्या. पिनच्या माथ्यावर डायल शून्य करा. मग जॉब स्वतःभोवती १८० अंश फिरवून पुन्हा डायल लावा. जो फरक दिसेल त्याचा निम्मा म्हणजे होल सेंटरपासून तेवढं सरकलेलं. हे दोन-तीन वेगवेगळ्या टरेट स्टेशनवर करा. एका स्टेशनवर ४ आणि दुसऱ्यावर २५ मायक्रॉन आलं तर होल्डर किंवा टरेट कुठेतरी खोटं बोलतोय.

अचूकतेच्या आकड्यांबद्दल एकच : दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी ते कोणत्या मानकानं मोजलेत ते विचारा. जेआयएसच्या, म्हणजे जपानी मानकाच्या, पद्धतीनं आलेला आकडा आयएसओ २३०-२ च्या आकड्यापेक्षा सहज लहान दिसतो. मशिन तेच असलं तरी.

पायरी ८ : ऑर्डर आणि माणसं

पोस्ट प्रोसेसर, म्हणजे कॅमचा प्रोग्रॅम मशिनच्या भाषेत बदलणारा दुवा. कॅम घेतलं, मशिन घेतलं, आणि दोघांमधला दुवाच नाही, असं मी तीन शॉपमध्ये बघितलंय. सब-स्पिंडल, वाय आणि दोन चॅनलचं (एकदम दोन प्रोग्रॅम चालवणारं) मशिन असेल तर तयार पोस्ट क्वचितच जसाच्या तसा चालतो. तुमच्या जॉबचा प्रोग्रॅम कॅममधून निघून, हातानं न सुधारता मशिनवर चालला, की मगच पोस्टचे शेवटचे पैसे. मशिनच्या पैशातलाही शेवटचा हप्ता तुमच्या शेडमध्ये पुन्हा तीस नग निघाल्यानंतर, असं पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहा. विक्रेता कुरकुर करेल. करू द्या.

सर्व्हिस इंजिनिअर कुठे राहतो हे विचारा. कंपनीचं मुख्य कार्यालय नव्हे, माणूस. पुण्यात असेल तर उद्या येईल, बंगळूरला असेल तर परवा, आणि बोर्ड परदेशातून यायचा असेल तर देवाचं नाव. तेच मशिन दोन वर्षांहून जास्त वापरणारे दोन शॉपमालक शोधा आणि विक्रेत्याला न सांगता त्यांच्याकडे चहा प्यायला जा.

सेटर दोन तयार करा, एक नाही. एकच प्रशिक्षित केला की त्याला शेजारच्या कंपनीत तीन हजार जास्त मिळतात. दोघांपैकी एक तरी लेथवर हात काळे केलेला असावा. प्रोग्रॅमिंग शिकवता येतं, चिपचा आवाज ऐकून फीड कमी करणं शिकवायला वर्षं जातात. मागच्या सेटरनं टरेट क्रॅश केला तेव्हा आधी आवाज बदलला होता. शेजारच्या मशिनवरच्या म्हाताऱ्या टर्नरनं मान वळवली, सेटर मोबाइलमध्ये होता.

शेवटचं काम कमिशनिंगच्या दिवशी. इंजिनिअर बॅग भरण्याआधी त्याच्याकडून कंट्रोलच्या सगळ्या पॅरामीटरचा, लॅडरचा (मशिनच्या आतल्या लॉजिकचा) आणि पिच एरर टेबलचा (अक्षांच्या चुकांच्या दुरुस्तीचा) बॅकअप कार्डवर घ्या, त्याच्या दोन प्रती करा. एक ऑफिसच्या कपाटात, एक घरी. बॅटरी संपून मेमरी उडते ती नेमकी दिवाळीच्या सुटीत.